मेडिकलला अनफिट ठरलो, लग्न वैशाखात आहे

डॉक्टर ताई,
मी २७ वर्षांचा आहे. एसी-फ्रीज दुरुस्तीचं काम करतो. कुवेतला जायचं ठरलं होतं, म्हणून मुंबईला मेडिकल केलं. त्यात एचबीएसएजी रिॲक्टिव्ह आलं आणि अनफिट म्हणून परत पाठवलं. सात महिन्यांनी इथल्या लॅबमध्ये पुन्हा तपासलं, तर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह’ असं लिहून दिलं. हा वेगळा आजार आहे का? मला काहीच त्रास होत नाही, कावीळ कधी झाली नाही. दारूचा, बाईचा कसलाच नाद नाही. मग हे आलं कुठून? मोबाइलवर बघितलं तर जिकडेतिकडे लिव्हर कॅन्सर. एजंट म्हणतो, एका वैद्याचं औषध आहे, ४५ हजारांत तीन महिन्यांत निगेटिव्ह. नाहीतर मेडिकलला दुसऱ्याचं रक्त देऊ. घरी काही सांगितलेलं नाही. मी माझं ताट-पेला वेगळं ठेवतो. बहिणीचा मुलगा दोन वर्षांचा आहे, त्याला उचलून घेणं बंद केलंय. आई सारखी विचारते, काय झालंय तुला. वैशाखात लग्न आहे. मुलीला सांगितलं तर मोडेल. सांगू का? आणि मी किती वर्षं जगेन? सोबत रिपोर्टचे फोटो पाठवतोय. लहान भाऊ समजून उत्तर द्या.
— अनफिट, रत्नागिरी जिल्हा

प्रिय भावा,

लहान भाऊ म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते.

किती जगेन हा प्रश्न तू सगळ्यात शेवटी विचारलास, पण झोप त्यानेच उडाली असणार. तर आधी तेच. तुझ्या रिपोर्टांत निघालाय तो हिपॅटायटिस बी, लिव्हरमध्ये राहणाऱ्या विषाणूचा आजार. तो अंगात राहिलेल्या बहुसंख्य माणसांचं आयुष्य इतरांसारखंच जातं. काहीही न करता, तपासण्या न करता सोडून दिलं, तर १०० पैकी १५ ते २५ जणांना पुढे कधीतरी लिव्हरचा गंभीर आजार होतो, म्हणजे सिरॉसिस (व्रण पडून लिव्हर कडक होणं) किंवा कॅन्सर. मोबाइलवर तू वाचलंस ते या लोकांबद्दल. यांतल्या बहुतेकांना आजार कळलेलाच नसतो, किंवा कळूनही त्यांनी तपासण्या सोडून दिलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे ३ कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू होता. जगभरात असे जितके लोक आहेत, त्यातल्या १०० पैकी जेमतेम १३ जणांना आपल्याला हे आहे हे ठाऊक होतं. तुला २७ व्या वर्षी कळलं, लिव्हर ठणठणीत दिसत असताना कळलं. कुवेत हुकल्याचं दुःख खरं आहे, ते मी हलकं करत नाही. पण त्या मेडिकलमुळे जे हाती लागलं, ते तुझ्या फार कामाचं आहे.

दोन रिपोर्टांवर दोन नावं आहेत, आजार एकच. बारूक ब्लूमबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका मूलनिवासी माणसाच्या रक्तात हे प्रथिन सापडलं, म्हणून ते ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. पुढे कळलं की ते हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं आहे. या कामासाठी ब्लूमबर्गना १९७६ चं नोबेल मिळालं. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब अजून जुनंच नाव छापतात. आज ज्याला एचबीएसएजी म्हणतात, ते हेच. सहा महिन्यांहून जास्त काळ ते रक्तात राहिलं, की आजार ‘क्रॉनिक’ धरतात. तुझ्या दोन तपासण्यांत सात महिन्यांचं अंतर आहे, म्हणजे तुझा क्रॉनिकच.

आता, हे आलं कुठून? दारू-बाईचा नाद नाही, हे तुला मला मुद्दाम सांगावंसं वाटलं, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. मोठेपणी हा विषाणू शिरला, तर १०० पैकी ९५ हून जास्त लोकांचं शरीर त्याला सहा महिन्यांत हुसकून लावतं. उलट जन्माच्या वेळी किंवा तान्हेपणी शिरला, तर १०० पैकी ९० बाळांत तो कायमचा राहतो. तेव्हा तुझ्या वयात, कसलाही त्रास न होता क्रॉनिक आजार सापडतो, तेव्हा तो बहुतेक वेळा जन्मावेळी आईकडून किंवा अगदी लहानपणी आलेला असतो. सरकारी लसीकरणात ही लस २००२ साली काही मोजक्या ठिकाणी आली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं. तुझा जन्म त्याच्या आधीचा. आईलाही कधी, कशातून लागण झाली ते शोधत बसण्यात अर्थ नाही. काचेच्या सिरिंज उकळून पुन्हा पुन्हा वापरायचा तो काळ होता.

हे वाचून आईवर राग धरू नकोस. तिची टेस्ट मात्र करून घे. तुझ्या पत्रातली मला सर्वांत घाईची वाटलेली गोष्ट हीच आहे. तुझ्या अंगात हे तिच्याकडून आलं असेल, तर तिच्या अंगात ते पन्नास-पंचावन्न वर्षं असू शकतं, आणि तिने आजवर एकदाही तपासलेलं नाही. बहिणीचीही टेस्ट हवी. आणि आईला एकदा शांतपणे विचार, आजोळी कुणी पोटात पाणी होऊन किंवा रक्ताची उलटी होऊन गेलं का? मामा, मावशी, आजी? जुन्या पिढीत असे मृत्यू ‘दारूने गेला’ किंवा ‘कावीळ उलटली’ म्हणून विसरले जातात. घरात सिरॉसिस किंवा लिव्हरचा कॅन्सर झालेला असेल, तर तुझं औषध कधी सुरू करायचं हा निर्णयच बदलतो.

आता रिपोर्टांकडे येऊ. तुझी एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ३४ आहे. लॅबने ४० पर्यंत नॉर्मल धरून पुढे काहीच खूण केलेली नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शनात या आजारासाठी पुरुषांची वरची रेघ ३० ला आणि बायकांची १९ ला धरली आहे. त्या हिशोबाने तू रेघेच्या किंचित वर आहेस. घाबरायचं कारण नाही, पण ‘नॉर्मल आहे, जा घरी’ असं कुणी म्हटलं तर तेवढ्यावर थांबू नकोस.

दुसरा एक हिशोब कागदावर मांडून दाखवते. तुझी एसजीओटी, म्हणजे तसंच दुसरं एन्झाइम, ३८ आहे. तिला लॅबच्या वरच्या मर्यादेने, ४० ने, भाग दे: ०.९५ येतात. प्लेटलेट २ लाख २० हजार आहेत, म्हणजे या हिशोबात २२०. आता ०.९५ ला २२० ने भागून १०० ने गुण. उत्तर साधारण ०.४३. याला डॉक्टर ‘अप्री’ म्हणतात. लिव्हरवर व्रण पडून ते कडक होत चाललंय का, याचा हा साधा, जवळजवळ फुकटचा अंदाज. २०२४ च्या मार्गदर्शनात ०.५ च्या वर आकडा गेला की औषधाचा विचार करा असं म्हटलंय. तुझा त्याच्या खाली आहे, पण काठाजवळ आहे. म्हणून फायब्रोस्कॅन करून घेतलेला बरा. सोनोग्राफीसारखंच यंत्र, बरगडीवर टेकवतात, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम.

अजून झालेली नाही ती टेस्ट मात्र सगळ्यांत महत्त्वाची: एचबीव्ही डीएनए, म्हणजेच व्हायरल लोड. रक्तात विषाणू किती आहे ते ती सांगते. हा आकडा २,००० च्या वर आणि एसजीपीटीही रेघेच्या वर असेल, तर औषध सुरू करावं, असं आजचं मत आहे. सोबत एचबीईएजी (विषाणू किती जोमात आहे याचा अंदाज देणारी टेस्ट), पोटाची सोनोग्राफी, किडनीची क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस सी, डी व एचआयव्हीच्या तपासण्या एकदा व्हायला हव्यात. नुसता एचबीएसएजी पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नकोस. तो पॉझिटिव्हच येत राहणार आणि दर वेळी तुझा जीव उगाच टांगणीला लागणार.

हे सगळं कुठे करायचं? २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. त्यात बी आणि सी या दोन्हींची तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत त्याचं उपचार केंद्र असतं. सिव्हिलला जा, केसपेपर काढ आणि ‘हिपॅटायटिसचं उपचार केंद्र कुठे आहे’ असं थेट विचार. आधार कार्ड आणि जुने दोन्ही रिपोर्ट बरोबर ने. तिथे फायब्रोस्कॅन नसेल तर ते मोठ्या केंद्राकडे चिठ्ठी देतात. एक दिवस रांगेत मोडेल, मोडू दे.

औषध लागलंच, तर बहुतेक टेनोफोविरची रोज एक गोळी किंवा उपाशीपोटी घ्यायची एन्टेकाविर. दोन्ही औषधं विषाणूची वाढ थोपवतात आणि बहुतेकांच्या रक्तात तो सापडेनासा होतो. लिव्हर स्वतःला भरून काढण्यात पटाईत आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाच वर्षं टेनोफोविर घेतल्यावर आधी सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या बायोप्सीत सिरॉसिस उरलेलं नव्हतं. गोळी मात्र मनाने बंद करायची नाही. रिपोर्ट चांगला आला म्हणून परस्पर थांबवली की विषाणू उसळतो, आणि अशा उसळीत लिव्हर निकामी होऊन माणसं दगावतात. आणि औषध लागलं नाही, तर? तर पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं, वर्षातून एकदा व्हायरल लोड, आणि चाळिशीनंतर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कारण या आजारात सिरॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो आणि लहान असताना सापडला तर काढता येतो. ‘औषध नको’ याचा अर्थ ‘डॉक्टर नको’ असा कधीही घेऊ नकोस. मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते, कारण हा आजार वर्षानुवर्षं दुखत नाही, थकवत नाही, आठवण करून देत नाही. अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे की १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना हा विषाणू आला आणि २००० च्या सुमारास कळलं तोवर लिव्हरचा ७५ टक्के भाग गेला होता. मधली अठरा वर्षं त्यांना काही जाणवलं नाही. उरलेल्या लिव्हरवर ते आजही काम करतात, हेही लक्षात ठेव.

आता एजंट. त्याच्याबद्दल मी सौम्य शब्दांत लिहिणार नाही. हा विषाणू लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात आपली एक मूळप्रत ठेवून बसतो. हरळी वरून कितीही खुरपली तरी जमिनीतल्या काशांतून पुन्हा फुटते, तसं हे आहे. आजची औषधं वरची वाढ पूर्ण थांबवतात, त्या मुळापर्यंत पोचणारं औषध अजून बाजारात नाही. वर्षाला १०० पैकी साधारण एकाचा एचबीएसएजी आपोआप निगेटिव्ह होतो. वैद्याच्या शंभर गिऱ्हाइकांत असा एखादा निघाला, की त्याचाच रिपोर्ट तो आयुष्यभर दाखवत फिरतो. ४५ हजार रुपये हे तुझ्यासारख्या मुलाचे किती महिन्यांचे घाम गाळलेले पैसे आहेत, ते एजंटला चांगलं माहीत आहे. मेडिकलला नापास झालेली, घरी न सांगता आलेली, लाजेने दबलेली मुलं हीच त्याची बाजारपेठ. शिवाय अशा पुड्यांत जड धातू आणि स्टेरॉईड निघाल्याचे प्रकार घडले आहेत. हिपॅटायटिस बीच्या माणसाच्या पोटात स्टेरॉईड जाणं म्हणजे झोपलेला विषाणू उठवणं. हे डॉक्टरांच्या गोळ्यांनाही लागू आहे. दमा, सांधे, त्वचा, कशासाठीही कुणी स्टेरॉईडच्या गोळ्या, इम्युनिटी दाबणारं औषध किंवा केमो देणार असेल, तर आधी सांगायचं, ‘मला हिपॅटायटिस बी आहे.’

आणि दुसऱ्याचं रक्त? तो गुन्हा आहे. तिकडे उतरल्यावर पुन्हा तपासणी होते, त्यात सापडलास तर परत पाठवतात, आणि तोवर एजंटने पैसे घेतलेले असतात. एसी दुरुस्त करताना हा आजार कुणाला लागत नाही, म्हणून तुझ्यासारख्याला कामासाठी सरसकट अनफिट ठरवणारा नियम मला अन्यायाचा वाटतो, आणि तो बदलावा असं मनापासून वाटतं. पण तो तुझ्या-माझ्या हातात नाही. त्याच्यातून चोरवाट काढायला जाऊन तू कर्जात आणि परदेशी पोलिसांच्या हातात पडू नयेस. इथे तुझ्या हातातलं कसब कुणी काढून घेतलेलं नाही. कामावर बोटाला कापलं तर जखम झाकून घ्यायची, सांडलेलं रक्त स्वतः पुसायचं, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्याने. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस जिवंत राहू शकतो. एवढंच पाळ आणि कामाला लाग.

ताट-पेला आजपासून पुन्हा घरातल्या रॅकवर ठेव. जेवणातून, पाण्यातून, उष्ट्यातून, शिंकेतून, मिठीतून हा पसरत नाही. पाण्यातून होते ती कावीळ ए आणि ई या विषाणूंची. आपल्याकडे सगळ्यांनाच ‘कावीळ’ म्हणतात म्हणून हा घोळ. भाच्याला उचलून घे. दोन वर्षांच्या पोराला मामाने एकदम घेणं सोडलं, तर ते त्याला कळतं. फक्त बहिणीकडून त्याचं लसीकरणाचं कार्ड मागून बघ: जन्मल्या जन्मल्या ‘बी’चा डोस, मग सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याला पेंटाव्हॅलंट. ते झालं असेल तर तो सुरक्षित आहे. दाढीचं ब्लेड, नेलकटर, ब्रश एवढं मात्र फक्त तुझं. सलूनमध्ये खुर्चीवर बसल्यावर वस्तऱ्यात नवं अर्धं ब्लेड लावताना बघ, आणि दाढी झाल्यावर ते काढून टाकतो का तेही बघ. तुझ्यानंतर बसणाऱ्यासाठी. जत्रेतलं गोंदवणं नको. रक्तदान आता कधीच नाही. शिबिरात मित्रांनी आग्रह केला तर ‘डॉक्टरांनी मना केलंय’ म्हण, कारण सांगायची गरज नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते, कारण गावात कळलं की प्रत्येक जण पथ्य सांगायला येईल. हळद-तेल बंद, उकडलेलं खा, उसाचा रस पी, काविळीची माळ घाल. यातलं काहीच लागत नाही. घरी शिजतं ते जेव. दारू शून्य, लग्नातही शून्य. गुळवेल, ‘लिव्हर टॉनिक’, कुणी दिलेले काढे घेऊ नकोस. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन लिव्हरला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. वजन आणि साखर आटोक्यात ठेव. आणि एक गोष्ट, जी आपल्या स्वयंपाकघरात फार कुणी सांगत नाही: शेंगदाणे निवडून घ्यायचे. बुरशी आलेल्या, काळपट, सुरकुतलेल्या, कडू लागणाऱ्या दाण्यांत अफलाटॉक्सिन असतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात ते लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटीने वाढवतं. भाजल्याने ते पुरतं जात नाही. आपल्याकडे कूट प्रत्येक भाजीत पडतं, तेव्हा आईला सांग, डब्याच्या तळाचे जुने दाणे वाया गेले तरी चालतील.

राहिली ती मुलगी.

सांग. लग्नाआधी, आणि लवकर. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, आणि तो तिला लागू नये म्हणून लस आहे, जी तुझ्या जन्मावेळी सरकारी लसीकरणात नव्हती. आता मार्गशीर्ष चालू आहे, लग्न वैशाखात. लसीचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे आज सांगितलंस तर दोन डोस लग्नाआधी होतात. लपवून ठेवलंस तर तिला धोक्यात घालतोयस हे तुला रोज रात्री माहीत असणार. आणि कळायचं ते कळतंच. गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत एचबीएसएजी करतात. तिचा पॉझिटिव्ह आला, तर ती काय समजेल आणि तिच्या माहेरचे काय बोलतील, याचा विचार कर.

मध्यस्थाकरवी सांगू नकोस, फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. तिला भेट. घरचे सोबत असतील तर दहा मिनिटं बाजूला बसू द्या म्हण. अगदी साधं बोल: “कुवेतच्या मेडिकलमध्ये मला हिपॅटायटिस बी निघाला. लहानपणापासून असावा असं डॉक्टर म्हणतात. मी सिव्हिलला तपासण्या करतोय. तुला होऊ नये म्हणून लस आहे, त्याच्या आधी तुझी एक रक्ततपासणी लागेल. लग्न ठरलं म्हणून तू अडकलीस असं समजू नकोस. तुला डॉक्टरांना जे विचारायचं असेल ते विचारायला मी तुला घेऊन जातो.” मग गप्प बस. ती लगेच काही बोलणार नाही. रडेल, चिडेल, आईला विचारते म्हणेल. तिला तेवढा वेळ दे, आणि दर दोन तासांनी ‘काय ठरवलंस’ म्हणून विचारू नकोस.

ती हो म्हणाली, तर तिच्या तीन टेस्ट आधी: एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का ते सांगते) आणि अँटी-एचबीसी (विषाणू पूर्वी कधी शिरला होता का ते सांगते). कधी कधी आधीच संरक्षण असतं, मग लसही लागत नाही. नसेल तर लस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस पुन्हा. तो आकडा १० च्या वर आला की ती सुरक्षित. तोवर निरोध, न चुकता. मुलं होतील, नेहमीसारखीच होतील. आई निगेटिव्ह आणि सुरक्षित असेल, तर बाळाला प्रत्येक बाळासारखा जन्मल्यावर २४ तासांत पहिला डोस आणि पुढचे वेळेवर, एवढंच. समजा तिचाच एचबीएसएजी आधीपासून पॉझिटिव्ह निघाला, तरी हातपाय गाळू नका. गरोदरपणात टेनोफोविर आणि बाळाला जन्मल्यावर लस व इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), यांनी बहुतेक बाळं वाचतात.

आणि ती नाही म्हणाली तर? होऊ शकतं. मी तुला खोटा दिलासा देणार नाही. त्या दिवशी फार लागेल. तिच्यावर राग धरू नकोस, आणि तिने ही गोष्ट इतर कुणाला सांगू नये अशी विनंती मात्र कर. तुझ्यासारख्या कितीतरी जणांची लग्नं सांगून, लस घेऊन झाली आहेत आणि सुखाने चालली आहेत. पण या मुलीचं उत्तर तिचं तिने द्यायचं आहे.

बाकी कुणाकुणाला सांगायचं? आई, बहीण, होणारी बायको, आणि दाताच्या डॉक्टरांसकट प्रत्येक डॉक्टर. मालकाला, शेजाऱ्याला, मित्रमंडळाला सांगायला तू बांधील नाहीस. एचआयव्हीच्या माणसांना भेदभावापासून जपणारा २०१७ चा कायदा आहे, हिपॅटायटिस बीसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून घराबाहेर बोलताना जपून.

आईला मुलीच्या आधी सांग. ती गेले काही महिने तुझ्या तोंडाकडे बघून काहीतरी ओळखून आहे, आणि मनात याहून वाईट काहीबाही धरून बसली असेल. ‘तुझ्यामुळे झालं’ हे वाक्य कोणत्याही रूपात तिच्या कानी पडू देऊ नकोस. ‘डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची टेस्ट करायला सांगितलीय’ एवढं पुरे. सिव्हिलला जाशील तेव्हा तिला आणि बहिणीला बरोबरच ने, एकाच फेरीत तिघांचं रक्त होईल. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पोट फुगलं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर कुणासाठीही ठरल्या तारखेची वाट बघायची नाही.

रात्री झोप लागत नाही, कामात लक्ष नाही, असं अजून दोन-तीन आठवडे चाललं, तर तेही त्याच डॉक्टरांना सांग. नव्या आजाराचं नाव कळल्यावर मन असं बसतं, त्यावरही उपचार असतात.

व्हायरल लोडचा रिपोर्ट आला की मला पाठव, आईच्या टेस्टचाही. दोन्ही हातात आले की औषधाचं काय ते नेमकं बोलता येईल.

तुझी,
डॉक्टर ताई